गप्प बसण्याचं भाडं

पुंता अरेनास आणि पोर्वेनीर यांच्यामध्ये सामुद्रधुनी आहे
आणि तिच्यावरून आमच्या कंपनीची एक बारीक वाट:
आवाजासाठी दोनशे चाळीस किलोबिट.
एका बोलण्याला चोवीस लागतात.
भागाकार तुम्ही करा.

आधी मर्यादा नव्हती, सगळ्यांना मोकळं रान.
खेकड्यांच्या हंगामात अकरावा माणूस बोलायला लागला
की अकराही जणांचे शब्द कुरतडल्यासारखे व्हायचे.
एकदा इथून तेराशे पेट्या सांगितल्या.
हजार पाण्यात पडले, तीनशे पोचले.
रादोस्लावनं तीनशे भरल्या,
बोट रिकाम्या पोटानं निघाली
आणि मला वर बोलावलं गेलं.

त्या रात्री मी आकडा घातला.
आता दहांचं नीट ऐकू येतं. अकराव्याला टूं टूं.

ओतिलिया बारिया जिना चढून आली,
केस वाऱ्यानं उभे, हातात हातमोजा एकच.
"तुझं यंत्र मला नाही म्हणालं."
मी म्हटलं, आत दहाजण आहेत, तू शिरलीस तर
कुणाचंच धड राहणार नाही.
पाच मिनिटांनी कर.
पाच मिनिटांनी काय बोलायचं होतं ते ती विसरली.
महत्त्वाचं नसेल बहुतेक, म्हणाली.
बहुतेक.
हा शब्द माझ्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

मग नोंदींमध्ये एक कॉल सापडला.
रोज सहा दहाला सुरू, सातला बंद,
आणि मधे जवळजवळ काहीच नाही.
आमचे फोन काटकसरी आहेत:
कुणी बोलत नसेल तर वाटेवर काही धाडत नाहीत.
पण माझ्या वहीतून चोवीस वजा होतातच.
गप्प बसणाऱ्यालाही पूर्ण भाडं.

ऐकायची मला परवानगी नाही, मोजायची आहे.
म्हणून पायांनी गेले, दोन मजले खाली.
हिशेबाच्या खोलीत झ्लाता कुसानोविच बिलं तपासत होती,
रिसीव्हर टेबलावर उताणा, स्पीकर चालू.
पलीकडे पोर्वेनीरला वजनकाट्यापाशी
एउलोहियो ओयार्सो रजिस्टर भरत होता.
दोघांनाही घाई नव्हती.
मग तिकडून "आहेस?"
इकडून "आहे."
परत आपापली कामं.

आलेखात हे मला रोज दिसत आलं होतं:
सपाट रेषेवर दोन काटे, शेजारी शेजारी.
मी ते बिघाड म्हणून लिहून ठेवले होते.

"ऐक," झ्लाता म्हणाली, "त्याच्याकडचा वारा."
मी ऐकला.
तो वारा नव्हता.
समोरचा गप्प झाला की लाइन मेली असं वाटू नये
म्हणून फोन स्वतःच थोडी खरखर बनवतो.
ती तिच्याच टेबलावर तयार होत होती,
सामुद्रधुनी न ओलांडता.
मी वीस वर्षं या धंद्यात आहे.
मी म्हटलं, हो, आज जोरात आहे.

गुरुवारी सहा चाळीसला दोन आलिरो अकरावे ठरले.
साहेबाला टूं टूं!
चष्मा कपाळावर, आवाज जिन्यातूनच:
"कोण अडवून बसलंय? तोडून टाक एखादा."
पडद्यावर दहा ओळी होत्या.
नऊ धावत होत्या, एक झोपल्यासारखी.
बोट तिच्यावर नेलं असतं तर काम झालं असतं.
"हिशेब जुळवणं चाललंय," मी म्हटलं,
आणि ते खोटं आहे असं मला अजून वाटत नाही.

रात्री थांबून फायलींची नक्कल मध्यरात्रीनंतर ढकलली,
त्यांच्या वाटणीतले चोवीस उचलून
आवाजाच्या ताटात वाढले.
दोनशे चौसष्ट.
बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात लिहिलं: वाढती गरज.

आज सहा पंचवीसला अकराही ओळी पेटलेल्या आहेत,
एक सपाट.
आणि नाकारलेल्यांच्या यादीत आत्ताच एक नवा क्रमांक,
गोदामाकडचा. ओतिलिया नाही.
बारावा कोण ते उद्या बघते.